भिंतीचं पासबुक

माणसाला मोठे प्रश्न कुठे पडावेत याला काही नियम नाही. बुद्धाला पिंपळाखाली बसल्यावर उत्तर मिळालं, न्यूटनला म्हणे सफरचंदाच्या झाडाखाली मिळालं. मला मिळाला तो नुसता प्रश्न, आणि तोही यवतमाळच्या आमच्या घरात, मागच्या खोलीच्या ओल आलेल्या भिंतीखाली. मे महिन्यातला रविवार होता. पाठीशी उशी घेऊन पेपर वाचत बसलो होतो. वरून एक पोपडा सुटला आणि नेमका डोक्यात पडला. सफरचंद पडलं असतं तर निदान खाता तरी आलं असतं.

ती भिंत दोन वर्षं फुगत होती. आधी एक फोड आला, मग दुसरा, मग दोघांनी युती केली. माझा मुलगा त्या फोडात आफ्रिका खंड दाखवायचा. एका पावसाळ्यात शेजारी मादागास्करही उगवलं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, भूगोल पुरे झाला. रंगाऱ्याला बोलवा."

रंगारी आला. त्याने भिंतीवर टिचकी मारली, कान लावला, आणि डॉक्टर जसे नातेवाइकाला बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं. "साहेब, हे वरवरचं नाही. सगळं खरवडावं लागेल. मग वॉटरप्रूफिंग, मग पुट्टी, मग प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात. पण काम पक्कं होईल. सात वर्षं बघायला नको."

मग त्याने आकडा सांगितला. मी बँकेत कारकून आहे. (हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काम तेच आहे, फक्त रबरी शिक्का लांब झाला.) दुसऱ्यांचे लाखो रुपये मोजताना माझा हात कधी थरथरला नाही. पण तो आकडा ऐकून मला वाटलं, हा माणूस भिंतीबरोबर शेजाऱ्यांचं घरही विकत देतो आहे.

आकड्यापेक्षाही मी अडकलो तो त्याच्या 'पक्कं' या शब्दावर. कारण मागचा रंगही सात वर्षांसाठी पक्का होता आणि तिसऱ्या वर्षी फुगला होता. आम्हा बी.कॉम.वाल्यांना एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात : जगात पक्का असा एकच माल आहे, तो म्हणजे घसारा. सरळ रेषेच्या पद्धतीने काढा की घटत्या शिलकेच्या, यंत्र झिजायचं ते झिजतंच. आणि जमाखर्चातल्या कच्च्या-पक्क्याचा अनुभव तर विचारूच नका. व्यापाऱ्याकडे एक कच्ची वही असते आणि एक पक्की. जे घडलं ते घाईघाईने कच्चीत उतरतं, जे दाखवायचं ते सावकाश पक्कीत उतरतं. म्हणून प्राप्तिकरवाले धाड घालतात तेव्हा पक्की वही टेबलावर उघडी पडलेली असते आणि ते मात्र कच्ची शोधत गाद्या उसवत असतात. सत्य कच्च्यात असतं, असा माझा तेव्हापासून संशय आहे.

हा संशय बळावला तो सेवाग्रामला. मुलांच्या सुट्ट्या होत्या, म्हणून आईसकट सगळे एक दिवस निघालो. कळंब, देवळी, वर्धा करत गेलं की सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून १९४० साली त्याचं सेवाग्राम झालं. केवळ पत्रं नीट मिळावीत म्हणून गावाचं नाव बदलण्याइतका साधेपणा आता उरला नाही, असं मी मुलांना सांगितलं. मुलांनी विचारलं, "पत्रं म्हणजे?"

तर सांगायची गोष्ट भिंतींची. झोपडी पाचशे रुपयांच्या आत, आसपास मिळणाऱ्या सामानात, गावातल्याच माणसांच्या हातून बांधायची, असा गांधीजींचा दंडक होता, असं सांगतात. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. ज्या घराला आज बापू कुटी म्हणतात ते मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलं होतं. त्यांनी मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा हाताने उठवला, तो आजही दिसतो. बाहेर आमच्या विदर्भाचं मे महिन्यातलं ऊन, म्हणजे डांबरही विचारात पडावं असं. आत शिरलो तर गारवा. पोपडा नाही, फोड नाही, आफ्रिका नाही. मी भारावून गेलो. बाहेर येऊन झाडाखाली बसलेल्या आईला म्हणालो, "आई, आत चल ना. भिंती बघ, मातीच्या आहेत."

आई म्हणाली, "मी पाह्यली हाय मातीची भित." आणि पदराने वारा घेत तिथेच बसली.

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. पण भारावलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. परतताना गाडीत मी जाहीर केलं की मागच्या खोलीला मातीचा रंग लावायचा, घरी तयार केलेला, स्वतःच्या हाताने. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही चहा स्वतःच्या हाताने करता तेव्हा मला ओटा पुसायला अर्धा तास लागतो." मी तिकडे दुर्लक्ष केलं. थोर कार्याला घरातूनच विरोध होत आला आहे.

शिवाय हिशेब माझ्या बाजूचा होता. १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते खादी ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून केलेला 'खादी प्राकृतिक पेंट' बाजारात आला, तेव्हा डिस्टेंपरचा भाव लिटरला १२० रुपये होता आणि इमल्शनचा २२५. म्हणजे आमच्या गावच्या उकिरड्यावर जे फुकट पडलेलं असायचं, त्याला डबा मिळाला, झाकण मिळालं आणि भावही मिळाला. मग आपण डबा आणि झाकण वगळून नुसता आतला माल का करू नये? रंग म्हणजे तरी काय? एक रंग देणारी पूड, एक तिला चिकटवून ठेवणारा पदार्थ आणि एक पातळ करणारा. डब्यातल्या इमल्शनमध्ये चिकटवण्याचं काम प्लॅस्टिकची राळ करते. मातीच्या रंगात ते बरंचसं माती स्वतःच करते, मदतीला थोडी पिठाची खळ. पातळ करायला पाणी, ते नळाला येतं, निदान आठवड्यातून दोनदा तरी.

पहिला प्रयोग मी मागच्या अंगणातल्या मातीचा केला. बायकोच्या पिठाच्या चाळणीने ती चाळली. (ही चाळणी पुढे वादग्रस्त ठरली.) टबात भिजवली, ढवळली, आणि भिंतीचा एक चौकोन खरवडून त्यावर लेप दिला. संध्याकाळी तो चौकोन काळाभोर आणि गुळगुळीत दिसत होता. सकाळी त्याला भेगा पडल्या. दुपारी भेगांना भेगा पडल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे तुकडे कडा वर करून, भाजलेल्या पापडासारखे, एकेक करून खाली उतरले.

शाळेत शिकलेलं मी विसरलो होतो. आमच्या जिल्ह्याची कापसाची काळी जमीन म्हणजे मॉन्टमोरिलोनाईट नावाच्या चिकणमातीचा कारभार. पाणी मिळालं की ती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात आमच्या शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. कापसाला हे मानवतं, भिंतीला नाही. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली असं म्हणतात. माझी नुसतीच उतरली.

दुसरा प्रयोग शाडूचा. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याकडून मी पोतंभर शाडू आणला, त्यात गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घातली आणि ब्रशने दोन हात दिले. या वेळी भेगा पडल्या नाहीत. रंग सुंदर आला, अगदी ताकासारखा. मी कृतार्थ होऊन त्याला टेकून बसलो आणि तसाच बँकेत गेलो. काउंटरवर एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, पाठीला भस्म लावून आलात काय?" भिंत माझ्या शर्टावर आली होती. ती मी झटकली. पण जून संपता संपता भिंतीवर हिरवट-काळे ठिपके उगवले. पिठाची खळ ही बुरशीला मेजवानी असते, आणि ओल्या भिंतीवर तर पंगतीला पाणीही तयार. खोलीला आंबलेल्या इडलीच्या पिठाचा वास सुटला. बायकोने चाळणीसह माझा सगळा संसार अंगणात आणून ठेवला. माझ्या प्रतिष्ठेचं पोतेरं झालं होतं.

आई हे सगळं महिनाभर दारातल्या खुर्चीवर बसून पाहत होती. एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी मात्र तिने विचारलं, "तुले खरंच करायचं हाय, का नुसतं खेळून राहिला?"

"खरंच करायचं आहे."

"मंग पहिले नळाचं पाह्य. भिंतीमागं न्हाणी हाय. पाणी मुरून राहिलं अन् तू वरून माती लावून राहिला."

प्लंबरला बोलावलं. न्हाणीतला सांधा पाझरत होता. तीन वर्षं रंगारी, दुकानदार आणि मी सगळे भिंतीच्या कातडीवर उपचार करत होतो, दुखणं पोटात होतं. वर प्लॅस्टिकचा पडदा, मागून पाणी. ओल बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती पडदाच ढकलत होती. मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते, म्हणून तिला फोड येत नाहीत. पण फुटलेला नळ कोणतीच माती थांबवत नाही, हे सेवाग्रामच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला माहीत होतं, आत जाऊन भारावलेल्याला नव्हतं.

मग आईने दुसरा हुकूम सोडला. "काळी पिकाले, पांढरी भितीले. एवढं बी ठाऊक नाही तुले?"

खरं म्हणजे ठाऊक होतं, पण ते महसुली शब्द म्हणून. गावाची शेतजमीन ती काळी आणि गावठाण ते पांढरी, अशी जुनी वाटणी आहे. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. गावठाणाची माती पांढुरकी का असते याचा मी कधी विचार केला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, चुन्याचे अंश, पडलेल्या भिंती आणि पुन्हा उभ्या केलेल्या भिंती, असं सगळं मिसळून ती होते. ती काळीसारखी फुगत नाही, आकसत नाही. धाब्याच्या घरांवर पावसासाठी हीच पसरतात. म्हणजे गावातली कोणतीही भिंत ही आधीच्या भिंतींचीच केलेली असते. आजोबांच्या घराची माती नातवाच्या घराला लागते, आणि त्यासाठी वारसाहक्काचा दाखला काढावा लागत नाही.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. आई १९७६ साली लग्न होऊन त्या घरात आली. २००३ च्या उन्हाळ्यात आम्ही यवतमाळला आलो तेव्हापासून घराला कुलूप होतं. पुढे कुलूप राहिलं आणि घर गेलं. एक भिंत अजून अर्धी उभी होती. तिच्या पायथ्याचे ढिगातले ढेकळं मी दोन पोत्यांत भरून आणले. त्यातलं एक ढेकूळ पोत्यातून काढताना मधोमध फुटलं आणि मी बघतच राहिलो. फुटलेल्या बाजूवर बारीक बारीक रेघा होत्या, एकावर एक, वहीची पानं कडेने दिसावीत तशा. एक पांढरी, तिच्यावर धुराची काळपट, पुन्हा पांढरी, पुन्हा काळपट. मी मोजू लागलो. तीसच्या पुढे गेल्यावर चुकलो.

आईने ढेकूळ हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाहेरच्या कडेपासून नखाने मोजत आत गेली. "सत्तावीस मायं," ती म्हणाली. "याच्या खालचे तुया आजीचे."

दर वर्षी पितृपक्षात, घट बसायच्या आधी, सगळं घर उकलायचं, लिंपायचं आणि पोतारायचं. एक वर्ष, एक रेघ. ती बोट ठेवून सांगू लागली. "हे जाड दिसते न? तुया बारशाच्या साली दोन हात देल्ले. अन् हे पातळ, तवा तुया बाबाचं ऑपरेशन होतं. चार दिवसांत उरकलं मी."

बँकेत वीस वर्षं मी पासबुकं छापतो. असं पासबुक मी पाहिलं नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या नोंदी, एकही खाडाखोड नाही, आणि खातेदाराला ते कधी कोणी दाखवलंही नव्हतं.

मला गहिवरून आलं. गहिवर आला की मला भाषण येतं. मी म्हणालो, "आई, काय सुंदर असायचं आपलं घर! ती पांढरीशुभ्र भिंत, तो मातीचा वास, उन्हाळ्यातला गारवा. आपण उगाच सिमेंटच्या मागे लागलो. ते जुनंच बरं होतं."

आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुले बरं होतं."

मी गप्प बसलो.

"आठ आठ दिवस हात पाण्यात अन् शेणात राहे. नखाच्या कडा फाटून जात. जेवाले बसली का तिखट झोंबे. अन् तू म्हने, माय, वास किती चांगला येते."

"तुला आवडत नव्हतं?"

"आवडत नव्हतं असं नाही. आळीत सगळ्यांत पांढरी भित मायी राहे. पन आवडते का म्हनून कोनी इचारलं होतं?"

मला दोन गोष्टी एकदम आठवल्या. पहिली २०१० सालची. बँकेचं कर्ज काढून हे घर बांधलं, रंग झाला आणि आईला दाखवायला आणलं. तिने भिंतीवरून तळवा फिरवला, हात उलटा करून पाहिला, हाताला काही लागलं नव्हतं. "आता हे दरसाल करा लागत नाही?" तिने विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "सात वर्षं बघायला नको." तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तेव्हा कौतुक समजलो होतो. ती सुटका होती.

दुसरी आठवण २०१४ सालची. जनधनची खाती उघडायला आम्ही केळापूरकडच्या एका कोलाम पोडावर गेलो होतो. कुडाच्या भिंती, वरून मातीचा हात इतका सफाईदार फिरवलेला, की कोपरासुद्धा कुठे टोचत नव्हता. मी तिथल्या बाईला म्हणालो, "भिंत फार छान आहे तुमची." ती म्हणाली, "चांगली हाय त तुमीच घ्या न साहेब. आमाले घरकुल द्या." आमच्या सगळ्या स्टाफला हसू आलं. मलाही आलं. मी ते विनोद म्हणून पुढे चार ठिकाणी सांगितलंही.

आता त्या विनोदातला विनोद मला सापडेना. घरकुलाच्या अर्जात मातीची भिंत म्हणजे 'कच्चं घर'. २०१६ सालच्या आवास योजनेत सपाट भागातल्या पक्क्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले, आणि कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत २ लाख. ते पैसे त्या बाईला मिळावेत, असंच कोणीही म्हणेल. पण त्या अर्जातल्या 'कच्चं' या एका शब्दात तिच्या हातातली सगळी सफाई बुडीत खाती जमा होते. अर्ज लिहिणाऱ्याला तिचे कष्ट दिसतात, कसब दिसत नाही. आणि माझ्यासारख्या भारावणाऱ्याला कसब दिसतं, कष्ट दिसत नाहीत. दोघेही एकेकच रकाना भरतात आणि तेरीज जुळली म्हणून सही ठोकतात.

वाणिज्य शाखेचा पहिला नियम असा, की एकीकडे जमा झालं म्हणजे दुसरीकडे कुणाच्या तरी नावे पडलंच पाहिजे. माझ्या आठवणीत एक पांढरीशुभ्र भिंत जमा होती. ती कोणाच्या नावे पडली, हा रकाना मी पंचेचाळीस वर्षं कोरा ठेवला होता. इतका चुकीचा जमाखर्च मी बँकेत लिहिला असता तर निलंबित झालो असतो.

मग प्रश्न असा, की दुसऱ्याच्या कष्टातून आलेलं काही आवडूनच घ्यायचं नाही काय? तसं ठरवलं तर उद्यापासून पुरणपोळी बंद करावी लागेल, आणि इतकं जहाल तत्त्वज्ञान मला झेपणारं नाही. मला वाटतं, आवडण्यात पाप नाही. पाप 'ते जुनंच बरं होतं' म्हणण्यातही नसेल एखाद्या वेळी. पण ते म्हणण्याचा हक्क ज्याने ते जुनं दरसाल नवं केलं त्याचा. इतरांनी आधी विचारावं. सेवाग्रामच्या भिंती बघताना मन निर्धास्त होतं ते याचसाठी. तिथे साधेपणाचं कौतुक करणारेच झाडलोट करत, आणि संडासही तेच साफ करत. कौतुक आणि खराटा एकाच हातात होते.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. तिला जमाखर्चाची भाषा आवडत नाही. मी एवढंच विचारलं, "मग काय करू? राहू देऊ?"

"राहू कायले देतं? तुले आवडते न? मंग तू कर. मी हात लावणार नाही. खुर्चीवर बसून सांगतो."

ते रेघांचं ढेकूळ मी बाजूला काढून ठेवलं होतं. म्हटलं, काचेच्या कपाटात ठेवू. आईने ते पाहिलं. "सुकी ठेवून काय करतं, पुजा करतं? भिजव न बाप्पा. भिजवल्याबिगर ते काय कामाची?"

मातीची ही एक गंमत आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो. सिमेंट पाण्याशी एकदा जुळलं की कायमचं. माती मात्र नुसती सुकते. तिच्यात काही बदलत नाही. वीस वर्षांनी पाणी घाला, ती पुन्हा पहिल्यासारखी कामाला तयार. मी ते ढेकूळ टबात सोडलं. आधी बुडबुडे आले, मग सत्तावीस वर्षं एकमेकांत मिसळली. मला वाईट वाटलं. आईला वाटल्यासारखं दिसलं नाही. ती म्हणाली, "खडे काढ. अन् तिची चाळणी घेऊ नको आता."

पितृपक्षात मी चार दिवसांची रजा काढली. जुना रंग सगळा खरवडला, कारण प्लॅस्टिकच्या रंगावर माती धरत नाही. खालचं सिमेंट पत्र्याच्या तुकड्याने ओरखडून खडबडीत केलं. भिंत आधी पाण्याने भिजवायची, नाहीतर कोरडी भिंत मातीतलं पाणी ओढून घेते आणि लेप सुटतो. पहिला हात माती, थोडं शेण आणि बारीक कुटार यांचा, म्हणजे धाग्याधाग्याने भेग धरून ठेवायला. वरचा पोतारा नुसत्या पांढऱ्या मातीचा, ताकाएवढा पातळ. पिठाची खळ अजिबात नाही. ब्रशही नाही. जुन्या धोतराचं पोतेरं, आणि अर्धा चंद्र काढल्यासारखा हात, डावीकडून उजवीकडे, पुढचा चंद्र आधीच्या चंद्रावर चार बोटं चढवून.

पहिल्या दिवशी खांदा गेला, दुसऱ्या दिवशी कंबर. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो आणि नखाच्या कडेला तिखट झोंबलं. मी आईकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असावं, कारण मीठ मागितलं नसताना तिने तुपाची वाटी पुढे सरकवली.

एकदाच तिने नियम मोडला. कोपऱ्यात माझा हात अडखळत होता. ती खुर्चीवरून उठली, माझ्या हातातलं पोतेरं घेतलं, एक अर्धा चंद्र काढला, "असं," म्हणाली, आणि पोतेरं परत देऊन बसली. भिंत सुकल्यावर सगळीकडे ओबडधोबड ढग दिसत होते. माझे होते ते. कोपऱ्यात हातभर जागा तेवढी सारखी होती.

भिंत पक्की झाली नाही. पाठ टेकली की अजून थोडी शर्टावर येते. मुलाने तिच्यावर चेंडू मारला तेव्हा एक खळगा पडला, तो मी ओल्या बोटाने बुजवला. रंगाऱ्याच्या भिंतीला हे करता आलं नसतं. त्यासाठी पुन्हा रंगाऱ्याला बोलवावं लागलं असतं. पण फोड आला नाही. उन्हाळ्यात ती खोली फार गार राहते असं मी सांगणार नाही. माझी भिंत विटांची आहे, तिला मातीची नुसती कातडी आहे. गारवा येतो तो हातभर जाड मातीच्या भिंतीने. बापू कुटी आणि आमची मागची खोली यांत तेवढा फरक राहायचाच.

यंदा पितृपक्ष आला तेव्हा मी पुन्हा चार दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'घराची भिंत' असं लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मागच्या वर्षीही हेच होतं ना? भिंत झाली नाही का?"

"झाली सर. पण कच्ची आहे. दर वर्षी करावी लागते."

त्यांनी सही केली. रजा संपताना कोपऱ्यातला आईचा तो अर्धा चंद्रही मी झाकला. मी तो तसाच ठेवणार होतो, तिनेच ठेवू दिला नाही. आता कधी कोणी ती भिंत फोडून पाहिलीच, तर माझ्या दोन नोंदी सापडतील. आईच्या सत्तावीस झाल्या. व्याज धरलेलं नाही.